साल, उचल आणि खाडा : मालक व गडी यांच्यातील विश्वासाचा विचार

गुढीपाडवा जवळ आला म्हणजे शिरड शहापुराच्या आसपास, औंढ्यापासून वसमतेपर्यंतच्या गावोगावी, एकच प्रश्न ऐकू येतो : "औंदा गडी भेटला का?" रब्बीचे खळे उरकलेले असते, हळदीची काढणी व शिजवणी हातघाईवर आलेली असते, आणि ज्याच्या घरी पंधरा-वीस एकर जमीन व दोन-चार जनावरे आहेत तो शेतकरी पुढील सालाच्या गड्याच्या शोधात फिरत असतो. गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, टिकला तर मन लावून काम करीत नाही, अशी मालकांची तक्रार सर्वत्र आहे. गड्यांचीही तक्रार आहे. परंतु ती मालकांच्या ओसरीवर बोलली जात नसल्यामुळे आमच्या वाचकांच्या कानी क्वचितच पडते. दोन्ही तक्रारी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता असे दिसून येते की, सालाच्या आकड्यावरून जितके बिनसते त्याहून अधिक ते ठरावाच्या वेळी न बोललेल्या गोष्टींवरून बिनसते. त्या न बोललेल्या गोष्टी कोणत्या, व त्या अगोदर कशा बोलून घ्याव्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठवाड्याबाहेरील वाचकांकरिता थोडा खुलासा अवश्य आहे. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका घरी बांधून घेतलेला शेतगडी. खानदेशात व वऱ्हाडात यालाच सालदार म्हणतात. त्याचे साल म्हणजे काही रोख रक्कम, काही पोती धान्य, आणि रिवाजाप्रमाणे कपडालत्ता. रकमेपैकी मोठा हिस्सा तो आरंभीच मागून घेतो, ती उचल. जो दिवस तो कामावर येत नाही तो खाडा. हा सर्व ठराव बहुधा तोंडी, चार माणसांसमक्ष होतो, पान-सुपारी होते, आणि दुसऱ्या दिवशी गडी जनावरांच्या गोठ्यात दिसू लागतो. कागद होत नाही. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी दोघांचीही समजूत असते. आमच्या मते येथेच पहिली गफलत आहे. जमिनीचा बटईचा व्यवहार आपण सख्ख्या भावाशीही आता लिहून ठेवतो. मग वर्षभराच्या श्रमाचा व्यवहार तेवढा हवेत का ठेवावा?

आता सालाची लांबी पाहा. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, असे आपण सहज म्हणतो. परंतु हे अंतर दर वर्षी सारखे नसते. साधे चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते व अधिक मास पडला म्हणजे ते सुमारे ३८४ दिवसांचे होते. शके १९४५ चा पाडवा २२ मार्च २०२३ रोजी होता. त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढील पाडवा ९ एप्रिल २०२४ रोजी पडला. म्हणजे ते साल ३८४ दिवसांचे झाले. त्याच्या पुढचे साल ३० मार्च २०२५ रोजी संपले. ते ३५५ दिवसांचे. शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते सालही १९ मार्च २०२६ पासून ७ एप्रिल २०२७ पर्यंत, पुन्हा ३८४ दिवसांचे आहे. ठरावाच्या वेळी याचा उच्चार झाला नाही, तर त्याच रकमेत एक गडी दुसऱ्यापेक्षा एकोणतीस दिवस अधिक राबतो. मालकाने हे लबाडीने केलेले नसते, ते पंचांगाने केलेले असते. पण फाल्गुनात बोटे मोजणाऱ्या गड्यास पंचांगावर रागावता येत नाही. तो मालकावरच रागावतो. यास्तव साल ठरविताना आरंभाची व शेवटची इंग्रजी तारीख स्पष्ट बोलावी, आणि अधिक मासाचे वेगळे काय द्यावयाचे तेही त्याच बैठकीत ठरवावे. महिन्याच्या हिशोबाने रक्कम ठरवून तेरावा महिना आला तर त्याचा वेगळा पगार द्यावा, ही रीत आम्हांस सर्वांत सोपी वाटते.

खाड्याचा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, साल १,२०,००० रुपयांचे ठरले व ते ३५५ दिवसांचे आहे. धान्य व कपडे बाजूला ठेविले तर दिवसास ३३८ रुपये पडले. वर्षात गड्याचे दहा खाडे झाले. गडी म्हणतो, माझे ३,३८० रुपये कापा. मालक म्हणतो, तू सोयाबीनच्या काढणीत घरी बसलास, मला त्या दिवशी ५०० रुपये रोजाने माणूस लावावा लागला, तेव्हा ५,००० कापणार. अंतर १,६२० रुपयांचे. एवढ्याशा रकमेवरून चार वर्षांचा गडी घर सोडून जातो आणि मालक पाडव्याला नवा गडी शोधीत फिरतो, त्यात त्याचे किती दिवस व किती पेट्रोल जाते याचा हिशोब कोणी करीत नाही. येथे दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे, म्हणूनच ते अगोदर ठरविले पाहिजे. आमची सूचना अशी आहे की, सणावारांचे काही दिवस, पोळा, दिवाळी, गावची जत्रा, हे खाड्यात धरूच नयेत. आजारपणाचा किंवा आदल्या दिवशी सांगून घेतलेला खाडा सालाच्या दराने कापावा. पेरणी, वेचणी, काढणी अशा दाटीच्या कामात न सांगता झालेला खाडा मात्र बदली माणसाच्या प्रत्यक्ष खर्चाइतका कापण्यास हरकत नाही. आणि कोणताही खाडा झाला त्याच दिवशी लिहावा. पाडव्याला मालकाने खिशातून चिठ्ठी काढून "तुझे तेवीस खाडे" म्हणावे, आणि गड्याने "छे, चौदाच" म्हणावे, हा देखावा पुष्कळांच्या पाहण्यातील आहे. आठ महिन्यांपूर्वीच्या खाड्यास साक्षीदार कोठून आणावा?

लिहिण्याकरिता दोन वह्या कराव्या, एक मालकाच्या घरी व एक गड्याच्या घरी. महिन्यातील एक दिवस नेमून त्या दिवशी दोन्हींत एकच नोंद करावी : दिलेली रक्कम, दिलेले धान्य, झालेले खाडे, शिल्लक. गड्यास वाचता येत नसेल तर त्याची शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा वाचून दाखवील; मुलांस यात फार गोडी असते असे दिसते, आणि बापाचा हिशोब आपण वाचला याचा त्यांस अभिमानही वाटतो. अंगठ्यापेक्षा या वाचनास आम्ही अधिक किंमत देऊ.

आता उचलीकडे वळू. मालकाच्या मनात उचल देताना भीती असते ती ही की, गडी दोन ठिकाणी उचल घेईल किंवा मृगाच्या तोंडावर निघून जाईल. ही भीती निराधार नाही. असे प्रकार होतात व ज्याच्यावर गुजरते त्याची पेरणी मागे पडते. गड्याच्या मनात उलट भीती असते : लग्नाकरिता, दवाखान्याकरिता घेतलेली रक्कम वर्षाच्या शेवटी फिटणार नाही, ती पुढील सालावर चढेल, आणि आपण याच घरी अडकून पडू. तीही निराधार नाही, आणि तिला या भागात इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात, विशेषतः तेलंगणाच्या बाजूस, कर्जापायी माणसास वर्षानुवर्षे, प्रसंगी पुढील पिढीसही, सावकार-जमीनदाराच्या घरी राबवून घेण्याची भगेला नावाची पद्धत होती. तिला आळा घालण्याकरिता संस्थानास १९४३ साली भगेला करारांविषयी स्वतंत्र नियम करावा लागला. पुढे १९७६ साली सबंध देशाकरिता वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला व तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरण्यात आला. या कायद्याविषयी आमच्या शेतकऱ्यांत मोठे अज्ञान आहे. उचल देणे हा गुन्हा नव्हे. परंतु "उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या कामावर जाता येणार नाही" अशी अट घालून माणसास अडकविणे, मग ती अट तोंडी असो वा लेखी, वेठबिगारीत मोडते. अशा अटीवरील कर्ज कायद्याने नाहीसे होते, आणि तसे राबविणारास तीन वर्षेपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सज्जन म्हणविणारे कित्येक मालक ही अट बोलून जातात, कारण त्यांच्या वडिलांच्या काळी ती बोलली जात असे.

मग मालकाने आपले पैसे कसे राखावे? प्रथम हे पाहावे की खरे नुकसान किती होते. वरील उदाहरणात गड्याने ४०,००० रुपये उचल घेतली आणि शंभर दिवस काम करून तो निघून गेला असे धरा. मालक गावभर सांगत फिरतो की माझे चाळीस हजार बुडाले. वस्तुतः शंभर दिवसांचे ३३,८०० रुपये त्याने कमावून दिलेले आहेत. मधल्या काळात आणखी काही दिले नसेल तर येणे राहिले ६,२०० रुपयांचे. हा हिशोब वहीत समोर असेल तर मालकाचा संताप निवतो, आणि गड्यासही ६,२०० रुपये हप्त्याहप्त्याने आणून देणे शक्य वाटते. चाळीस हजारांचा बोभाटा झाला म्हणजे मात्र तो गावात तोंडही दाखवीत नाही व काहीच परत करीत नाही. दुसरे, उचल एकरकमी न देता गरजेप्रमाणे दोन-तीन वेळा द्यावी, तीवर व्याज लावू नये, आणि ती दरमहा सारख्या हप्त्याने कापावी. पण घर चालण्याइतकी रोकड त्याच्या हाती राहील हे पाहून. सगळी रक्कम आरंभीच उचलून ज्याच्या हाती वर्षभर पैसा येत नाही, त्याचे मन कामात राहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो भाद्रपदात दुसऱ्या उचलीकरिता दुसरे दार शोधतो, आणि आपण त्यास बेइमान म्हणतो.

पगाराची तारीख ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण मुंबईच्या गिरणी कामगारांचा अनुभव येथे उपयोगी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली कामगारांनी सरकारकडे ज्या मागण्या मांडल्या त्यांत आठवड्याची सुट्टी होती हे सर्वांस ठाऊक आहे, आणि ती सुट्टी १८९० साली मिळाली. परंतु त्याच मागण्यांत आणखी एक होती : मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पगार वाढवून मागण्याऐवजी मिळणारा पगार वेळेवर मागावा लागला, यावरून मजुराच्या लेखी तारखेची किंमत केवढी हे कळते. आमच्या मालकाची अडचण अशी की त्याच्याच हाती पैसा महिन्याचा महिना येत नाही. सोयाबीन विकले म्हणजे एकदा, हळद विकली म्हणजे दुसऱ्यांदा. आणि भाव पडला असेल तर हळद घरातच राहते. ही अडचण खरी आहे. तेव्हा ठरावातच असे बोलावे की दरमहा इतकी लहान रक्कम ठरल्या तारखेस, इतकी सोयाबीननंतर, इतकी हळदीनंतर. आणि उशीर होणार असेल तर तारीख येण्याच्या अगोदर मालकाने आपण होऊन सांगावे. वसमतेच्या किंवा हिंगोलीच्या बाजारातील आडतीची पट्टी गड्यास दाखविणारा एखादा मालक आढळतो. इतरांस हे विचित्र वाटते. पण ज्याने ती पट्टी पाहिली तो गडी मालकाकडे भाव पडलेल्या वर्षी तगादा लावीत नाही, असे आमच्या पाहण्यात आहे.

रक्कम किती असावी हे आम्ही सांगत नाही. ते मागणी-पुरवठ्यावर ठरते. पण शेवटची मर्यादा कायद्याची आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीचे काम आरंभापासूनच होते, आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेल्या वेठीत जमा होते. सरकारचा चालू दर कामगार कार्यालयात पाहून आपल्या सालाशी दिवसाच्या मानाने ताडून पाहावा.

धान्याविषयी थोडक्यात. ठरलेली ज्वारी द्यावयाची ती खळ्यावरून, नव्या राशीतून, गड्यासमक्ष मापून द्यावी. घरच्यांकरिता नवी रास व गड्याच्या पोत्यात टोके लागलेली जुनी, हा भेद गडी तोंडाने बोलत नाही. त्याची बायको दळणाच्या वेळी बोलते, आणि सबंध वस्तीत ते पसरते.

बायकोचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. साल गड्याचे ठरते, पण गोठ्यातील शेण काढणे, अंगण झाडणे, सणाला घर सारवणे, ही कामे त्याच्या घरच्या बाईने करावी असे पुष्कळ ठिकाणी गृहीत धरतात व त्याबद्दल वेगळे काही देत नाहीत. एका माणसाच्या पैशात दोन माणसे राबविण्याचा हा प्रकार आहे. तिचे काम पाहिजे असेल तर तिच्याशी बोलून, तिचा पगार वेगळा ठरवून, तिच्याच हाती द्यावा. तसेच चहाचा वेगळा पेला अजून कित्येक गोठ्यांच्या कोनाड्यात दिसतो. ज्याच्या हाती आपण दुधाची जनावरे, मोटारीची कळ व रात्रीचे शेत सोपवितो, त्याच्या ओठांस लागलेला पेला घरात चालत नाही, हे तर्कास धरून नाही, आणि तो पेला रोज पाहणाऱ्या माणसाकडून जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवणे तर मुळीच धरून नाही. घरच्या लेकरांनी वडीलधाऱ्या गड्यास मामा म्हणावे ही चांगली चाल आहे. परंतु मामा म्हणून पेला वेगळा ठेविल्यास ती नुसती शब्दांची चाल उरते.

विश्वासाची खरी परीक्षा धोक्याच्या कामात होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. तेव्हापासून हातमोजे व तोंडावरील पट्टी यांविषयी पुष्कळ बोलले गेले. पण आजही पंपात काय ओतले आहे हे फवारणाऱ्या गड्यास सांगितले जाते असे नाही. डब्यावरील त्रिकोण वाचता न येणाऱ्यासही समजतो : तांबडा म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हा क्रम गड्यास एकदा समजावून द्यावा, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने किंवा उपाशीपोटी फवारू नये हे मालकाने स्वतः बांधावर उभे राहून पाहावे. शेतीपंपाची वीज पाळीने रात्री आली म्हणजे पाणी द्यावयास गडीच जातो. बॅटरी व गुडघ्यापर्यंतचे बूट यांचा खर्च एका सर्पदंशापुढे काहीच नाही.

येथे विम्याची एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेतकऱ्यांकरिता असलेली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना सातबारावरील खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यापुरती आहे. त्याच बांधावर, त्याच यंत्रात हात सापडला तरी गडी तीत बसत नाही. त्याच्याकरिता पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. वर्षास २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये, वय १८ ते ७०, आणि विम्याचे वर्ष १ जूनपासून. बँकेत खाते असले म्हणजे पुरे. वीस रुपये मालकाने भरावे, आणि वारसाचे नाव नीट लागले की नाही हे बँकेत जाऊन पाहावे. मळणीयंत्र सुरू होण्यापूर्वी हे काम उरकते.

विश्वास टाकल्याशिवाय तो मिळत नाही, याचे एक जुने उदाहरण कारखानदारीतले आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तो माळ औंध संस्थानातला. हे साताऱ्याकडील औंध, आमचे औंढा नव्हे. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्यांस त्यांनी तो नांगर पटवून दिला, ही गोष्ट आमच्या वाचकांस परिचित असेल. त्या ओसाड जागी पहाऱ्याकरिता त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. गावाने ज्यांस दाराशी उभे केले नसते त्यांच्या हाती त्यांनी वसाहत सोपविली, आणि त्या माणसांनी ती राखली. आमच्याकडे खताच्या खोलीची किल्ली पाच वर्षांच्या गड्यासही मिळत नाही. युरियाचे पोते काढावयाचे तर मालक गावाहून येईपर्यंत तो बांधावर बसून राहतो, आणि मालक आल्यावर त्यासच विचारतो की अजून काम का झाले नाही. किल्ली देताना पोती मोजून द्यावी, महिन्याने मोजून घ्यावी. मोजणे हा अविश्वास नव्हे. न मोजता दिलेली किल्ली व न मोजता घेतलेला संशय, यांतून दोघांचेही वाईट होते.

रोजंदारी व गुत्त्याची माणसे यांची गोष्ट थोडी निराळी, कारण संबंध दोन-चार दिवसांचा. कापूस वेचणीत भांडण काट्यावरून होते. काटा झाडास टांगून प्रत्येक बाईस आपले वजन स्वतः वाचू द्यावे, आणि ओलाव्याची वजावट करावयाची असेल तर ती सकाळी कामास लागण्यापूर्वी सांगावी, संध्याकाळी नव्हे. सोयाबीनच्या गुत्त्यात आभाळ भरून आले की टोळी दर वाढविते, व ऊन पडले की मालक दर पाडतो. दोघांसही ही सवय नडते. कारण पुढील वर्षीही आभाळ येणारच असते व टोळी तीच असते. ठरलेला दर आभाळाकडे न पाहता पाळणारा मालक आम्ही पाहिला आहे. त्याच्या शेतात टोळी पहिली येते. इतर मात्र फोन करीत बसतात.

गड्यांकडून होणारे अपराधही आम्ही झाकू इच्छीत नाही. दारू पिऊन जनावरांस मारणे, दोन मालकांची उचल घेणे, पाणी बारे न मोडता झोपून जाणे, हे होते. अशा वेळी चार माणसांसमक्ष एकदा स्पष्ट बोलून वहीत तशी नोंद करावी, आणि पुन्हा घडल्यास हिशोब चुकता करून रजा द्यावी. शिवीगाळ करून ठेवून घेणे मात्र सर्वांत वाईट. त्यात काम सुधारत नाही आणि अपमान तेवढा साचतो.

शेवटी सालाच्या अखेरीविषयी. हिशोब पाडव्याच्या सकाळी करू नये. फाल्गुनाच्या वद्य पक्षात, दोन्ही वह्या समोर ठेवून, आठ दिवस अगोदर करावा. गडी राहणार की जाणार हे त्यापूर्वी विचारू नये, म्हणजे हिशोबावर त्याची छाया पडत नाही. निघणारी शिल्लक, तो जाणार असला तरी, त्याच दिवशी पुरी द्यावी. त्याचे येणे निघाले तर ते, आपले येणे निघाले तर ते, दोघांच्या वहीत लिहून तारखा घालाव्या. ही वही गडी पुढील मालकास दाखवू शकतो, आणि पुढील मालकानेही ती मागून पाहण्यास हरकत नाही. फक्त पाहून झाल्यावर ती ज्याची त्यास परत द्यावी.